नाव ओठांशी येऊन अडतं: एक प्रकरण अभ्यास

मानसोपचारासाठी माझ्याकडे येण्याचं कारण तिने फॉर्मवर एका ओळीत लिहिलेलं होतं: ‘मीटिंगमध्ये बोलायला त्रास होतो.’ वय ३४, विवाहित, पाच वर्षांची एक मुलगी. नोकरी एका कंपनीच्या हिशेब विभागात, नुकतीच सहा जणांच्या टीमची प्रमुख झालेली. बोलणं स्वच्छ, मुद्देसूद. कामाचं स्वरूप, टीममधल्या कुरबुरी, वरिष्ठांच्या अपेक्षा हे सगळं तिने इतकं व्यवस्थित मांडलं की हिला बोलायला त्रास होतो तरी कुठे, असा प्रश्न पडावा. तोच विचारला. ती खाली बघत म्हणाली, “बोलायला नाही हो मॅडम. नाव घ्यायला.”

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. एकमेकींशी बरेच जुळणारे अनुभव एकत्र करून ते बेतलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सोयीसाठी तिला इथे ‘ती’ म्हटलं आहे.

तिला समोरच्या माणसाला नावाने हाक मारता येत नव्हती. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, शाळेपासूनच्या मैत्रिणीला नाही, टीममधल्या सहापैकी एकालाही नाही. नावं सगळी पाठ. ईमेलवर, चॅटवर ती बिनदिक्कत लिहायची. माणूस तिथे नसताना त्याच्याबद्दल बोलताना नाव सहज यायचं. तोच माणूस खोलीत असला की त्याच्याबद्दल तिसऱ्याला सांगतानाही अनेकदा जीभ जड व्हायची. आणि थेट त्याच्याकडे बघून हाक मारायची म्हटलं की घसा आवळायचा, कान तापायचे आणि नाव ओठांशी येऊन तिथेच राहायचं. ‘सर’, ‘मॅडम’, ‘डॉक्टर’ यांची काहीच अडचण नव्हती. नावापुढे ‘ताई’ किंवा ‘काका’ लागत असेल तर अडचण निम्म्यावर यायची. नुसतं, उघडं नाव मात्र नाही.

इतकी वर्षं हे खपलं कसं, याचं उत्तर तिच्या युक्त्यांमध्ये होतं. त्या लिहून आणायला सांगितलं तेव्हा तिने दोन पानं भरून आणली. नजर मिळेपर्यंत थांबायचं आणि मग बोलायला सुरुवात करायची. खांद्याला हात लावायचा. उठून त्या माणसाच्या टेबलापर्यंत जायचं. फोनवर पलीकडून ‘हॅलो’ येईपर्यंत गप्प राहायचं, मग ‘हां, मी बोलतेय’. घरात ‘अरे’, ‘अगं’, ‘ऐक ना’. मुलीला ‘पिल्लू’. चारचौघांत कुणाला काही विचारायचं असेल तर प्रश्न हवेत सोडायचा, ‘ती फाइल कुणाकडे आहे बरं?’, आणि बघायचं मात्र नेमकं त्याच्याकडे. आपली भाषा या बाबतीत फार उदार आहे. ‘अहो’, ‘अगं’, ‘बरं का’ एवढ्या भांडवलावर माणूस संसार करू शकतो आणि कुणाला संशयही येत नाही.

मग युक्त्या निकामी कशामुळे झाल्या? दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे ऑनलाइन मीटिंग. पडद्यावर सहा चौकोन असतात आणि नजर कुणालाच मिळत नाही. तुम्ही एकाकडे बघता, ते सहाही जणांना सारखंच दिसतं. खांदा नाही, टेबल नाही. तिथे एखाद्याला बोलतं करायचं तर नाव हा एकच मार्ग उरतो. टीमची प्रमुख म्हणून तिचं कामच ते होतं. ती ‘आता पुढचं कोण सांगतंय?’ म्हणायची, मग एकदम दोघं बोलायचे किंवा कुणीच नाही. वरिष्ठांनी तिच्या मूल्यमापनात लिहिलं की मीटिंगवर पकड नाही. तिला ते लागलं, कारण कामावरची तिची पकड उत्तम होती.

दुसरी गोष्ट तिने बरीच उशिरा सांगितली. बागेत मुलगी फाटकातून बाहेर रस्त्याकडे धावली. ही मागून ओरडली, “ए! ए! थांब!” बागेत वीस-पंचवीस मुलं आणि तितक्याच आया. ‘ए’ म्हणजे आपणच, हे पोरीला कळायचं कारण नव्हतं. दुसऱ्या कुणी तरी तिला धरलं. काही झालं नाही. पण त्या रात्री तिने पहिल्यांदा इंटरनेटवर शोधलं की असं आणखी कुणाला होतं का.

बागेतल्या प्रसंगातली तिची भीती अवाजवी नव्हती. गोंगाटात आपलं नाव जितकं टोचतं तितकं दुसरं काही टोचत नाही. डेनिस मँडेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की साडेचार महिन्यांची बाळंसुद्धा दुसऱ्या नावांपेक्षा स्वतःचं नाव जास्त वेळ ऐकत राहतात. त्याआधी १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी लोकांना एका कानात येणारा मजकूर मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं होतं. दुर्लक्षित कानात काय येतंय याचा त्यांना पत्ता नसायचा, तरी तिथे आलेलं स्वतःचं नाव जवळपास एक तृतीयांश जणांनी टिपलं. नाव हे लक्ष वेधण्याचं साधन आहे आणि तेच साधन तिच्या हातात नव्हतं.

हे नेमकं काय आहे

इंटरनेटवर तिला एक नाव सापडलं होतं: अ‍ॅलेक्सिनोमिया. ते घेऊन ती आली तेव्हा चेहऱ्यावर सुटका आणि धास्ती दोन्ही होत्या. “म्हणजे हा आजार आहे का?” निदानाच्या अधिकृत याद्यांमध्ये, डीएसएम-५ मध्ये किंवा आयसीडी-११ मध्ये, असा आजार नाही. व्हिएन्नातल्या सिग्मंड फ्रॉइड विद्यापीठातले थॉमस डिट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द रूढ केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जर्मनभाषक स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती होत्या. मुलाखती मोजक्याच होत्या. त्यामुळे हे किती लोकांना होतं, पुरुषांना कमी होतं का, असल्या प्रश्नांना त्यातून उत्तर मिळत नाही. मात्र त्या बायकांचं वर्णन आणि हिचं वर्णन शेजारी ठेवलं तर बरंच जुळतं: जवळच्या माणसांपाशी त्रास जास्त, टाळण्याच्या युक्त्या अनेक आणि वर्षानुवर्षं कुणाला न सांगितलेली लाज.

नाव अडण्याची दुसरी कारणं आधी तपासावी लागतात. नाव आठवतच नसेल तर तो वेगळा प्रश्न. विशेषनामं तशीही सामान्य शब्दांपेक्षा निसटती असतात आणि मेंदूच्या इजेनंतर शब्द न सापडण्याचा त्रासही होतो; इथे आठवण शाबूत होती. चेहरे ओळखता न येणारी माणसं नाव घ्यायला कचरतात, कारण चुकण्याची भीती असते. हिला चेहरे पक्के लक्षात. तोतरेपणाकडे विशेष लक्ष दिलं. तोतरं बोलणारे लोक अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द घालून वेळ मारून नेतात, पण नावाला पर्यायी शब्द नसतो, म्हणून त्यांची गाडी नेमकी नावापाशी अडते. हिच्या बाबतीत नावाचा पहिला ध्वनी कुठला, याने काहीच फरक पडत नव्हता. माणूस कोण, याने पडत होता. नाव उच्चारलं तर काही अनिष्ट घडेल असा मंत्रचळी विचार नव्हता. कुणाचं नाव घेऊ नये असा घरचा दंडकही नव्हता.

उरली सामाजिक चिंता, म्हणजे लोकांसमोर वावरताना, बोलताना वाटणारी जास्तीची भीती. सामाजिक चिंतेची १७ प्रश्नांची स्पिन ही प्रश्नावली तिला दिली. तिथे १९ हा साधारण उंबरठा मानतात. ती त्याच्या थोडीच वर होती. पण या प्रश्नावलीत किंवा लिबोविट्झ यांच्या २४ प्रसंगांच्या मोजपट्टीतही नाव घेण्याबद्दल एकही ओळ नाही. सभेत बोलणं, वरिष्ठांशी बोलणं, लोकांसमोर जेवणं या ठराविक प्रसंगांत तिला फारसं काही होत नव्हतं. अनोळखी लोकांसमोर ती आरामात बोलायची. नेहमीच्या सामाजिक चिंतेत परका माणूस अवघड आणि आपला माणूस सोपा असतो. इथे सगळं उलटं होतं. दवाखान्याच्या खिडकीवर ‘पेशंटचं नाव?’ असं विचारलं तर नवऱ्याचं नाव-आडनाव ती खणखणीत सांगायची. शेजारी बसलेल्या नवऱ्याला तेच नाव घेऊन ‘चल’ म्हणता यायचं नाही.

या उलटेपणात प्रकरणाची किल्ली आहे असं माझं मत. नाव घेताना काय होईल असं वाटतं, हे तिला एकेका माणसाबद्दल वाक्य पूर्ण करून लिहायला सांगितलं. टीममधल्या लोकांबद्दल तिने लिहिलं, ‘आवाज विचित्र येईल, सगळे बघतील.’ मैत्रिणीबद्दल, ‘तिला कृत्रिम वाटेल.’ नवऱ्याबद्दलचं वाक्य बराच वेळ रिकामं राहिलं. मग ती बोलली: “नाव घेतलं की मी त्याच्यावर हक्क सांगतेय असं वाटतं. त्याने वळून पाहिलं नाही तर?”

हाक मारणं म्हणजे मागणं असतं. ‘ऐक ना’ हवेत विरलं तर काही बिघडत नाही, ते कुणालाही उद्देशून असू शकतं. नाव घेतलं की माघार नाही: मला तूच हवा आहेस, आत्ता, आणि ते मी उघडपणे बोलले. परक्या माणसाने नाही वळून पाहिलं तर त्याचं काय मोठंसं. म्हणून जितकं नातं जवळचं तितकी हाक अवघड.

याची सुरुवात कुठून झाली हे सांगता येत नाही. साधारण तेरा-चौदाव्या वर्षी तिच्या लक्षात आलं की आपण जिवलग मैत्रिणीला कधी नावाने हाक मारत नाही. वर्गात एकदा कुणाचं तरी नाव चुकीचं उच्चारून हशा झाल्याची आठवण तिच्याकडे होती आणि तिने ती कारण म्हणून पुढेही केली. वर्गात हसं झालेली मुलं हजारोंनी असतात. मुळाचा गोष्टीसारखा उलगडा झाला की बरं वाटतं, एवढंच. उपचार त्यावर अवलंबून ठेवण्याची गरज नव्हती. त्रास टिकतो कसा, हे मात्र स्पष्ट दिसत होतं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली मांडलेल्या प्रारूपात सामाजिक चिंता दोन गोष्टींवर पोसली जाते: प्रसंगाच्या वेळी लक्ष आत, स्वतःच्या घशाकडे आणि आवाजाकडे वळणं, आणि बचावाच्या युक्त्या. युक्तीने प्रसंग निभावतो, पण नाव घेतलं असतं तर काय झालं असतं, हे कधीच कळत नाही. तिच्या दोन पानांमधली प्रत्येक ओळ म्हणजे न तपासलेली एक भीती होती.

उपचार

औषधाचा पर्याय सांगितला होता. तिला नको होता आणि तीव्रता पाहता मलाही त्याची घाई वाटली नाही. भीतीचा सामना टप्प्याटप्प्याने करायचा, असं ठरलं. अशा कामात शिडी बहुधा औपचारिक प्रसंगांकडे चढत जाते: आधी घर, मग ऑफिस, मग सभा. इथे ती जवळिकीने लावली. सगळ्यात खाली रिकाम्या खोलीत नाव म्हणणं, मग माणूस हजर असताना तिसऱ्याशी बोलताना त्याचं नाव, मग टीम, मग मैत्रीण, आणि सर्वांत वर नवरा. मुलगी कुठे ठेवायची यावर आमचं एकमत होईना. भीती नवऱ्याच्या खालोखाल होती, पण बागेतल्या प्रसंगानंतर तिला थांबायचं नव्हतं. मुलीला तिने स्वतःच मधल्या पायरीवर आणलं.

पहिला जिवंत प्रयोग माझ्यावर झाला. टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. तिने पाटीकडे बघून नाव वाचलं, अडखळली नाही. मग म्हटलं, “आता तेच माझ्याकडे बघून म्हणा.” तिने मान वर केली आणि ओठ मिटले. पुन्हा पाटी, पुन्हा सहज. तीन अक्षरं तीच, आवाज तोच. नजर चार बोटं वर उचलली की सगळं अडायचं. हे तिने स्वतः अनुभवलं ते बरं झालं, कारण तोवर तिची समजूत होती की आपल्या घशातच काही दोष आहे. त्या दिवशी अखेर नाव आलं, पण हसत, लाडिक नाटकी सुरात. मी विचारलं, “हा सूर कुणाचा?” ती म्हणाली, “हा सूर नाव घेतो. मी नाही.”

तेव्हापासून लपून बसलेल्या युक्त्यांची वेगळी यादी सुरू झाली. थट्टेचा सूर, नाव गिळून टाकण्याइतका वेग, नावाआधी खोकणं, मोबाइलकडे बघत नाव घेणं. वाक्याच्या शेवटी नाव ठेवणं तिला सोपं जायचं, ‘हे पाठवशील का, अमुक?’, कारण तोवर वाक्य वेगात असतं. पायरी म्हणून ते चाललं. कायमचं तिथे थांबली असती तर तीही युक्तीच झाली असती. तालीम नुसती शब्दाची केली तर माणूस पोपटासारखा नावं म्हणायला शिकतो आणि भीती शाबूत राहते. म्हणून दर वेळी आधी अंदाज लिहायचा, मग नाव घ्यायचं, मग खरंच काय झालं ते शेजारी लिहायचं.

तिच्या वहीतली एक नोंद. अंदाज: ‘मीटिंगमध्ये नाव घेण्याआधी चार-पाच सेकंद जातील, आवाज फाटेल, तो विचारेल की आज काय विशेष.’ मीटिंगचं रेकॉर्डिंग होत असे. दोघींनी ते ऐकलं. थांबलेलं जेमतेम जाणवत होतं, एखाद्या श्वासाएवढं. आवाज फाटला नव्हता. ज्याचं नाव घेतलं तो लगेच ‘हां, सांगतो’ म्हणून आकडे वाचायला लागला. ती तीच जागा पुन्हा पुन्हा ऐकत राहिली आणि मग जरा चिडूनच म्हणाली, “याला काहीच वाटलं नाही!” तिला थोडं वाईटही वाटलं असावं. वीस वर्षं जपलेला धोका समोरच्याच्या खिजगणतीतही नसावा, हे पचवायला वेळ लागतो.

टीमचा प्रश्न त्यानंतर झपाट्याने सुटला. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं नाही.

मुलीबरोबर लपाछपीचा उपयोग झाला. लपलेल्या मुलीला नावाने हाक मारायची, तिने ‘ओ’ द्यायची. मूल समोर दिसत नाही, म्हणून सुरुवात सोपी. मग हाक मारून तिला बाहेर बोलवायचं. मग समोरासमोर. मुलीने पहिल्या खेळात नाव ऐकून दाराआडून डोकं काढलं आणि विचारलं, “तू मला रागावलीस?” घरात ‘पिल्लू’ची इतकी सवय होती की आईच्या तोंडून नाव म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तिला वाटलं. दोन-तीन दिवसांत ती शंका गेली. पुढे पुढे मुलगीच ‘मला नावाने बोलव’ म्हणायला लागली.

नवरा

त्याला ती एकदाच घेऊन आली. हे त्याच्या लक्षात आलं होतं का, याची तिला खात्री नव्हती. त्याच्या लक्षात लग्नाच्या पहिल्याच वर्षी आलं होतं. “आधी वाटलं लाजते. मग वाटलं, दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची सवय असेल आणि चुकून ते तोंडातून जाईल म्हणून घाबरत असेल.” हे त्याने हसत सांगितलं, पण ती शंका त्याने किती काळ एकट्याने बाळगली होती, हे त्याच्या हातांकडे बघून समजत होतं. दवाखान्याच्या खिडकीची गोष्ट त्यानेच काढली. “परक्यांना माझं नाव सांगते. मलाच तेवढं ऐकायला मिळत नाही.”

ती भीतीपोटी जे टाळत होती त्याचा अर्थ तो नकार असा लावत होता. तिला हे ठाऊक नव्हतं. तिच्या मते हाक न मारण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, फक्त आपली अडचण झाकली जात होती. या एका तासानंतर तिच्या प्रयत्नांना जी धार आली ती आधीच्या कुठल्याच व्यायामाने आली नव्हती. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या: नाव घेतल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि नाव घेतलं नाही तर आठवण करून द्यायची नाही. फक्त वळून बघायचं आणि ‘काय?’ म्हणायचं, जसं कुणीही म्हणतं. पहिली अट त्याला जड गेली.

आधी फोनवर, मग दुसऱ्या खोलीतून, मग जेवताना. दुसऱ्या खोलीतून मारलेल्या पहिल्या हाकेला तो पळतच आला, काही पडलं-झडलं की काय म्हणून. हा अपवाद वहीत ‘अंदाज चुकला, पण वेगळ्याच दिशेने’ असा नोंदवला आहे.

साधारण चार महिन्यांनी आम्ही थांबलो. तेव्हा टीम, मैत्रीण, मुलगी यांच्याबाबतीत काहीच अडचण नव्हती. नवऱ्याला रोजच्या व्यवहारात ती नावाने हाक मारत होती. अगदी हळव्या क्षणी, जवळ बसून, हळू आवाजात नाव घेणं अजून जमत नव्हतं. पुढे जायचं का, असं विचारलं. तिने विचार केला आणि ‘आता नको’ म्हणाली. तिला काय हवंय हे तिचं तिने ठरवायचं. शिडीची शेवटची पायरी गाठलीच पाहिजे असा नियम नाही. नवरा एवढ्यावर खूश होता.

सहा महिन्यांनी पाठपुराव्याचा फोन झाला. प्रश्नावलीतले गुण उंबरठ्याच्या बरेच खाली आले होते. टीममध्ये एक नवा माणूस आला होता आणि त्याच्या नावाचा नेमका उच्चार तिला ठाऊक नव्हता. तिने पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याला तो विचारून घेतला होता. मधल्या काळात एकदा माहेरच्या आजारपणात सगळं पुन्हा आवळलं होतं, पंधरा-वीस दिवस ‘अरे’, ‘अगं’वर चाललं. मग तिने वही काढली आणि खालच्या पायरीपासून सुरुवात केली, मला न विचारता. फोन ठेवण्याआधी मागून नवऱ्याचा आवाज आला, “सांग त्यांना, आता नाव घेऊन भांडते!” ती त्याला गप्प बसायला सांगत होती, नाव घेऊन.